‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणजे नेमके काय?

नवीन रुग्णाची माहिती लिहून घेताना डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात: घरात कोणाला हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब आहे का? समोर बसलेला बेचाळीस वर्षांचा गृहस्थ सांगतो, ‘हो, वडील हार्ट अटॅकनेच गेले.’ कागदावर ‘कौटुंबिक इतिहास: आहे’ एवढी नोंद होते आणि बोलणे पुढच्या विषयाकडे वळते. माझ्या मते खरा प्रश्न इथेच राहून जातो. तो असा: ‘गेले तेव्हा त्यांचे वय काय होते?’ वडील ब्याऐंशीव्या वर्षी गेले असतील, तर त्या मृत्यूवरून मुलाच्या प्रकृतीबद्दल फारसे काही सांगता येत नाही, कारण त्या वयापर्यंत बहुतेक माणसांच्या रक्तवाहिन्या कमीअधिक कडक झालेल्या असतातच. तेच ते सेहेचाळिसाव्या वर्षी गेले असतील, तर त्या मुलाची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

वैद्यकात यासाठी एक ठोकताळा वापरला जातो. वडील किंवा सख्खा भाऊ यांना वयाच्या ५५ वर्षांआधी, अथवा आई किंवा सख्खी बहीण यांना ६५ वर्षांआधी हृदयविकार झाला असेल, तर तो ‘अकाली हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास’ समजतात. स्त्रियांसाठी मर्यादा दहा वर्षांनी पुढे आहे, कारण त्यांच्यात हा आजार सर्वसाधारणपणे तेवढ्याच उशिराने दिसू लागतो. ही मर्यादा वयाचीच का असावी, हे एकदा नीट समजले की आनुवंशिकतेविषयीचे बाकीचे बरेचसे कोडे आपोआप उलगडते. आई-वडिलांकडून आपल्याकडे येतो तो आजार नसतो. शरीरातल्या काही प्रक्रिया कोणत्या गतीने चालणार, एवढेच त्यांच्याकडून येते, आणि त्या गतीचा परिणाम वर्षानुवर्षे साचत जातो.

घराण्यातला आजार खरोखर पुढच्या पिढीत उतरतो का, हे तपासणे वाटते तितके सोपे नाही. लोकांना विचारून मिळालेल्या माहितीत चुका असतात. आजोबा ‘छातीत दुखून गेले’ यावरून निश्चित काही ठरवता येत नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासाने ही अडचण दूर केली. त्यात ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली, आणि १९७१ पासून त्यांच्या मुलामुलींनाही अभ्यासात घेण्यात आले. त्यामुळे आई-वडिलांना केव्हा आणि काय झाले होते, हे मुलांच्या आठवणीवर न सोडता संशोधकांच्या स्वतःच्या नोंदींवरून पाहता आले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आई किंवा वडील यांना अकाली हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचा विकार झाला असेल, तर मुलांमध्ये ती शक्यता सुमारे दुप्पट आणि मुलींमध्ये सुमारे १.७ पट होती. वय, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांचा हिशोब वेगळा काढल्यावरही हा फरक उरला, ही त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

तरीही एक शंका उरतेच. आई-वडील मुलांना जनुकांबरोबर सवयीही देतात. एकाच छपराखाली वाढलेल्यांची झोप, हालचाल, जेवण आणि ताण यांत साम्य असणारच, मग यातले रक्ताचे किती आणि राहणीचे किती? याचे उत्तर शोधण्यासाठी जुळ्यांचा अभ्यास केला जातो. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, तर द्विबीज जुळी जनुकांच्या दृष्टीने साध्या सख्ख्या भावंडांसारखीच असतात. वाढतात मात्र दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी. स्वीडनमध्ये २१,००४ जुळ्यांची अनेक वर्षांची माहिती तपासून १९९४ साली मांडलेला निष्कर्ष असा होता की, एक भाऊ ५५ वर्षांआधी हृदयविकाराने गेला असेल, तर दुसऱ्याला त्याच कारणाने मृत्यू येण्याचा धोका द्विबीज जुळ्यांमध्ये ३.८ पट, तर एकबीज जुळ्यांमध्ये ८.१ पट वाढलेला होता. घर दोघांचेही एकच असताना हा फरक पडतो, तो जनुकांमुळे. याच अभ्यासातली दुसरी बाब मला अधिक बोलकी वाटते. पहिल्या भावाच्या मृत्यूचे वय जसजसे वाढत गेले, तसतसा दुसऱ्याचा धोका कमी होत गेला, आणि उतारवयात झालेल्या मृत्यूंमध्ये जुळेपणाचा प्रभाव बराच ओसरला. जनुकांचा जोर लवकर येणाऱ्या आजारात सर्वांत स्पष्ट दिसतो तो असा.

गतीचा हा मुद्दा समजून घ्यायला कोलेस्टेरॉलचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. रक्तातले ‘एलडीएल’ म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे सूक्ष्म कण. ते गरजेपेक्षा जास्त काळ आणि जास्त संख्येने रक्तात फिरत राहिले, की त्यांतले काही हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराखाली अडकतात, तिथे दाह होतो, थर साचतो आणि एखाद्या दिवशी तो थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी धरते. झटका एका क्षणात येतो, पण त्याची तयारी काही दशके चाललेली असते. हे कण रक्तातून उचलून घेण्याचे काम मुख्यतः यकृत करते. यकृताच्या पेशींवर त्यासाठी खास ‘रिसेप्टर’ असतात, म्हणजे एलडीएलचा कण पकडून आत ओढून घेणारी प्रथिने.

ही यंत्रणा उघडकीला आली ती दोन मुलांच्या आजारामुळे. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या अमेरिकी डॉक्टरांसमोर असे बालरुग्ण होते, ज्यांचे कोलेस्टेरॉल प्रचंड वाढलेले होते आणि ज्यांना लहान वयातच हृदयविकार जडला होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अशा रुग्णांच्या त्वचेतील पेशी काचेच्या तबकडीत वाढवल्या आणि शेजारी निरोगी माणसाच्या पेशी ठेवल्या. निरोगी पेशींना बाहेरून एलडीएल मिळाले की त्या स्वतःचे कोलेस्टेरॉल बनवणे थांबवत. रुग्णाच्या पेशी मात्र कितीही एलडीएल दिले तरी कोलेस्टेरॉल बनवतच राहिल्या. मग त्यांनी एक साधी युक्ती केली. एलडीएलच्या कणांऐवजी अल्कोहोलमध्ये विरघळवलेले सुटे कोलेस्टेरॉल त्या पेशींना दिले. हे कोलेस्टेरॉल रिसेप्टरच्या मदतीवाचून थेट आत शिरू शकते, आणि ते आत गेल्याबरोबर रुग्णाच्या पेशींनीही उत्पादन थांबवले. आतली यंत्रणा शाबूत होती. बिघाड होता तो आत घेणाऱ्या दारात. या शोधासाठी दोघांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या रिसेप्टरचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. त्याची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. एक प्रत सदोष असेल तर यकृतावर निम्मेच कार्यक्षम रिसेप्टर उरतात आणि एलडीएल जन्मापासूनच साधारण दुप्पट राहते. या विकाराला ‘फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया’ म्हणजे कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल म्हणतात. दर २५० माणसांत सुमारे एकाला तो असतो, म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही. तरी ज्यांना तो आहे त्यांतल्या बहुसंख्य लोकांना त्याची कल्पनाही नसते, कारण झटका येईपर्यंत दुखत-खुपत काहीच नाही. उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत आणि स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के जणींना साठीपर्यंत हृदयविकार गाठतो. दोन्ही प्रती सदोष असल्या, तर बालपणीच रक्तवाहिन्या तुंबू लागतात. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांचे बालरुग्ण असेच होते.

काही रुग्णांत हा विकार डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. पोटरी टाचेला जोडणारी जाड दोरीसारखी शीर (म्हणजे कंडरा, रक्तवाहिनी नव्हे) चिमटीत धरून पाहिली, तर ती निरोगी माणसात कडेने सपाट आणि एकसारखी लागते. अशा रुग्णात ती जाडसर, गाठाळ लागते, कारण तिच्यात वर्षानुवर्षे कोलेस्टेरॉल साचलेले असते. बोटांच्या सांध्यांवरच्या कंडरांवरही अशा गाठी येतात. कित्येक जण त्या गाठींना जुनी दुखापत समजून सोडून देतात. गाठी नसल्या तरी विकार नाही असे मात्र नव्हे. प्रौढ माणसाचे एलडीएल औषधांविना १९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे असेल, तर या शक्यतेचा विचार करावाच लागतो.

निसर्गाने याच्या नेमका उलटा प्रयोगही करून ठेवलेला आहे. पेशीवरचा रिसेप्टर एक कण आत सोडून पुन्हा पृष्ठभागावर येतो आणि दुसरा कण पकडतो. ‘पीसीएसके९’ नावाचे प्रथिन त्याला परत येऊ न देता पेशीच्या आतच नष्ट करवते. २००३ साली काही फ्रेंच कुटुंबांत हे प्रथिन प्रमाणाबाहेर सक्रिय असल्याचे आढळले. त्या घरांत वाढलेले कोलेस्टेरॉल आणि अकाली हृदयविकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. मग संशोधकांनी उलटा प्रश्न विचारला: ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच निकामी आहे, त्यांचे काय होते? २००६ साली उत्तर आले. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासातल्या कृष्णवर्णीय लोकांपैकी २.६ टक्के जणांत या जनुकाची एक प्रत बंद पडलेली होती. त्यांचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते, आणि हृदयविकाराचे प्रमाण मात्र ८८ टक्क्यांनी कमी होते.

या दोन आकड्यांतली तफावत विचार करायला लावणारी आहे. एलडीएल इतकेच औषधाने उतरवले, तर काही वर्षांत मिळणारा फायदा याच्या आसपासही पोहोचत नाही. स्टॅटिन औषधांच्या चाचण्यांत एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने कमी झाले, की साधारण पाच वर्षांच्या काळात हृदयविकाराचे व पक्षाघाताचे मोठे प्रसंग एक पंचमांशाने घटतात. जनुकांमुळे जन्मापासून एलडीएल तेवढ्याच प्रमाणात कमी असलेल्या लोकांत मात्र हृदयविकाराचा धोका निम्म्याहून कमी असतो. फरक आहे तो काळाचा. एकाला साठाव्या वर्षापासून पाच वर्षे कमी कोलेस्टेरॉल मिळाले, दुसऱ्याला पहिल्या श्वासापासून. म्हणूनच ज्या घरात अकाली हृदयविकार आहे, तिथे उपचार किती तीव्र याइतकेच ते किती लवकर सुरू झाले यालाही महत्त्व असते. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या मुलांना आठ ते दहा वर्षांच्या सुमारास स्टॅटिन सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. पालकांना तो ऐकून धक्का बसतो, आणि ते समजण्यासारखे आहे. पण त्या मुलाच्या रक्तवाहिन्यांवरचा भार जन्मापासून साचू लागलेला असतो, हे त्यांना कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवे. पीसीएसके९च्या शोधातूनच ते प्रथिन रोखणारी इंजेक्शने तयार झाली आणि २०१५ साली त्यांना मान्यता मिळाली.

एका जनुकाच्या अशा ठळक कथा सांगायला सोप्या असतात, पण हृदयविकाराच्या बहुतेक रुग्णांत असे एकच दोषी जनुक सापडत नाही. तिथे ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हाच न्याय लागू पडतो. २००७ साली नवव्या गुणसूत्रावरचा एक छोटा भाग हृदयविकाराशी जोडलेला आढळला. तिथल्या जनुकीय मजकुराच्या एका अक्षरातील बदलाची प्रत्येक प्रत धोका सुमारे एक चतुर्थांशाने वाढवते, आणि हा बदल इतका सर्रास आढळतो की तो बाळगणाऱ्याला ‘सदोष’ म्हणणेच चुकीचे ठरेल. विशेष म्हणजे तो कोलेस्टेरॉल, रक्तदाब किंवा साखर यांपैकी कशालाही हात न लावता काम करतो. रक्तवाहिनीच्या भिंतीवरच त्याचा परिणाम होत असावा असे दिसते. तेव्हापासून जनुकसंचात अशा अडीचशेहून अधिक जागा सापडल्या आहेत. एकेकट्या जागेचा परिणाम नगण्य असतो. सगळ्यांची बेरीज मात्र नगण्य नसते.

ही बेरीज करून एकच गुण काढण्याच्या पद्धतीला ‘बहुजनुकीय धोका-गुण’ म्हणता येईल. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ब्रिटनमधील सुमारे ८ टक्के लोकांचा गुण इतका जास्त निघाला की त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या किमान तिप्पट होता. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलसारख्या एकजनुकीय बदलांमुळे तेवढाच धोका असलेल्यांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आहे, आणि यातल्या अनेकांचे कोलेस्टेरॉल चारचौघांसारखेच असते. तरी या गुणावर विसंबताना एक सावधगिरी आवश्यक आहे. तो ज्या माहितीवरून तयार झाला, ती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आणि इतर वंशांच्या माणसांत त्याचा अंदाज तितका अचूक ठरत नाही. चाचणी विकणाऱ्यांनी ही गोष्ट ठळक अक्षरांत सांगायला हवी, असे मला मनापासून वाटते.

भावंडांत असलेला फरकही या बेरजेतूनच समजतो. सख्ख्या भावंडांची जनुके सरासरीने निम्मी जुळतात. कोणाला कोणते थेंब मिळाले हे मात्र दर वेळी नव्याने ठरते. एकाच घरातल्या एका भावाला चाळिशीत स्टेंट घालावा लागतो आणि दुसरा ऐंशीपर्यंत धडधाकट राहतो, यात दैव कमी आणि वाटणी अधिक असते. ‘वडिलांच्या बाजूचा आजार आहे, मुलीला काय होणार’ किंवा ‘तो मामावर गेलाय, त्याला आजोळचेच आजार होणार’ अशी विधानेही म्हणूनच टिकत नाहीत. हृदयविकाराशी संबंधित बहुतेक जनुके लिंगनिश्चिती करणाऱ्या गुणसूत्रांवर नसतात. ती आईकडून आली की वडिलांकडून, मुलाला मिळाली की मुलीला, याने सहसा फरक पडत नाही. आणि चेहरामोहरा कोणासारखा आहे यावरून तर काहीच ठरत नाही.

रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत न दिसणारी एक आनुवंशिक गोष्ट इथे सांगायलाच हवी. लायपोप्रोटीन (ए) हा एलडीएलसारखाच, पण एक जास्तीचे प्रथिन जोडलेला कण आहे. नॉर्वेचे कोरे बेर्ग यांनी तो १९६३ साली शोधला. दर पाचांतल्या सुमारे एका माणसात त्याचे प्रमाण धोकादायक पातळीवर असते. ते जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते, बालपणीच स्थिरावते, आणि आहार-व्यायामाने फारसे हलत नाही. त्यामुळे ही तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल होते, सिगारेट नव्हती, तरी तरुणपणी झटका कसा आला’ या प्रश्नाचे उत्तर कधीकधी याच कणात सापडते.

मधुमेहाकडे वळले की चित्र थोडे बदलते. टाइप २ मधुमेह घराण्यात उतरण्याचे प्रमाण मोठे आहे: आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल तर मुलांना आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता सुमारे ४० टक्के, आणि दोघांनाही असेल तर ती ७० टक्क्यांच्या घरात जाते. यात गुंतलेल्या शेकडो जनुकीय बदलांपैकी सर्वांत प्रभावी ठरलेला, २००६ साली आइसलँडमध्ये आढळलेला ‘टीसीएफ७एल२’ जनुकातील बदल स्वादुपिंडाच्या इन्सुलिन सोडण्याच्या क्षमतेवर परिणाम करतो. मधुमेह हा ‘इन्सुलिनला शरीर दाद देत नाही’ एवढ्यापुरताच मर्यादित आजार आहे, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. वजन वाढल्यावर शरीराची इन्सुलिनची मागणी वाढते. ज्याच्या स्वादुपिंडाची ताकद जन्मतः बेताची आहे, त्याला ती मागणी पुरवणे इतरांपेक्षा आधी अशक्य होते. एकाच वजनाच्या दोन माणसांपैकी एकालाच मधुमेह का होतो, याचे बरेचसे स्पष्टीकरण यात आहे.

परंतु ही मागणी वाढणे किंवा न वाढणे बऱ्याच अंशी परिस्थितीवर अवलंबून असते, आणि हे पिमा जमातीइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसले असेल. या मूळनिवासी लोकांचा एक गट अमेरिकेतील ॲरिझोनात राहतो आणि दुसरा मेक्सिकोच्या डोंगराळ भागात. दोघांची वंशपरंपरा एकच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ॲरिझोनातील पिमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के होते, आणि शेतीची अंगमेहनतीची कामे करणाऱ्या मेक्सिकोतील पिमांमध्ये ६.९ टक्के. रक्त तेच असताना पाचपटीहून मोठा फरक पडला. लठ्ठपणाशी निगडित ‘एफटीओ’ या जनुकाबाबतही असेच घडले. त्यातील बदलाच्या दोन प्रती असलेली माणसे सरासरीने सुमारे तीन किलो अधिक वजनाची असतात, हे २००७ साली समजले. पुढे फ्रेमिंगहॅमच्याच माहितीत हा परिणाम १९४२ नंतर जन्मलेल्यांत ठळक दिसला, त्याआधी जन्मलेल्यांत जवळजवळ दिसलाच नाही. जनुक जुनेच होते. त्याला वाव देणारे दिवस नंतर आले.

मग घराण्यात मधुमेह असलेल्याने प्रयत्न केले तर उपयोग होतो का? अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने याचे थेट उत्तर दिले. हे सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक होते. वजन सात टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे एवढ्या उद्दिष्टाने सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटले. याच लोकांची नंतर जनुकीय तपासणी केली, तेव्हा टीसीएफ७एल२ चा धोकादायक बदल दोन्ही प्रतींत असलेल्यांना काही न करणाऱ्या गटात मधुमेह लक्षणीयरीत्या अधिक झाला होता, तर व्यायाम व वजन सांभाळणाऱ्या गटात तो फरक फारच थोडा उरला होता. हृदयविकाराबाबत २०१६ साली ५५,६८५ लोकांच्या माहितीवरून असेच दिसले: जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्यांतही धूम्रपान न करणे, लठ्ठपणा नसणे, नियमित व्यायाम आणि योग्य आहार यांपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांत हृदयविकार जवळजवळ निम्म्याने कमी होता.

मधुमेहातही एकाच जनुकाचा एक प्रकार असतो, त्याला ‘मोडी’ म्हणतात. तो ओळखला गेला नाही तर माणसाचे हाल होतात, म्हणून त्यावर थोडे थांबणे गरजेचे वाटते. विशीतली सडपातळ मुलगी, साखर वाढलेली. तरुण वय पाहून टाइप १ मधुमेह समजून तिला इन्सुलिन सुरू होते. तिच्या आईला पंचविशीत मधुमेह झाला होता, आजीलाही तरुणपणीच. तीन पिढ्यांत, लहान वयात, वजन जास्त नसताना आलेला मधुमेह दिसला, की जनुकीय तपासणीचा विचार व्हायला हवा. ‘एचएनएफ१ए’ जनुकातला बिघाड सापडला, तर अशा अनेक रुग्णांचे इन्सुलिन बंद होऊन सल्फोनिलयुरिया गटातील साध्या गोळ्यांवर काम भागते. बिघाड ‘जीसीके’ या जनुकात असेल, तर साखर जन्मभर किंचित चढी राहते, पण त्यापायी डोळे किंवा मूत्रपिंडे सहसा बिघडत नाहीत, आणि गर्भारपणाचा काळ सोडला तर बहुधा औषधच लागत नाही. वर्षानुवर्षे टोचून घेतलेली इंजेक्शने एका तपासणीने थांबू शकतात, आणि त्या तपासणीकडे नेणारा धागा म्हणजे ‘आईला कितव्या वर्षी झाला?’ हा प्रश्न.

कुटुंबाकडून मिळणारे सगळे जनुकांतूनच येते असेही नाही. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात दाखवले की, जन्मतः वजन कमी असलेल्यांत पुढे हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळात ज्या मातांना दिवस गेले होते, त्यांच्या मुलांमध्ये पन्नाशीच्या सुमारास साखरेचे नियंत्रण कमकुवत आढळले. आणि नवरा-बायकोत रक्ताचे नाते नसताना एकाला मधुमेह असला की दुसऱ्याला तो होण्याची शक्यता वाढलेली दिसते, यामागे एकत्र राहण्याचाच वाटा आहे.

आपल्या घराण्याची माहिती गोळा करायची असेल, तर तीन पिढ्यांचा कागद पुरेसा आहे. आई, वडील, सख्खी भावंडे. मग आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी. प्रत्येकासमोर आजार आणि तो सुरू झाला तेव्हाचे वय लिहावे, केवळ मृत्यूचे नव्हे. बायपास, स्टेंट, पक्षाघात, मधुमेह, गर्भारपणातील मधुमेह, कमी वयातले रक्तदाबाचे औषध, सगळे नोंदवावे. कोण सिगारेट ओढत असे, तेही लिहावे, कारण दिवसाला दोन पाकिटे ओढणाऱ्या काकांचा पन्नाशीतला झटका आणि निर्व्यसनी मावशीचा पन्नाशीतला झटका यांचा अर्थ सारखा नसतो. मावशीचा अधिक काळजीने पाहावा लागतो. एखादा तरुण नातेवाईक खेळताना अचानक गेला असेल, किंवा पोहता येत असूनही बुडाला असेल, तर ती नोंद वेगळी अधोरेखित करावी. दर ५०० जणांत सुमारे एकाला हृदयाचा स्नायू जन्मजात कारणाने जाड होण्याचा विकार असतो, आणि हृदयाच्या विद्युत यंत्रणेचे काही आनुवंशिक दोषही असतात. त्यांत पहिले लक्षण कधीकधी मृत्यूच असते. अशा घरातल्या आई-वडील, भावंडे आणि मुले यांची ईसीजी व सोनोग्राफीने हृदयतपासणी व्हायलाच हवी, कारण यांतल्या बहुतेक दोषांत प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते.

कागद कोरा राहिला तरी निर्धास्त होऊ नये. कुटुंब लहान असेल, माणसे अपघाताने किंवा दुसऱ्या आजाराने लवकर गेली असतील, तर हृदयविकार दिसायला वावच मिळालेला नसतो. शिवाय बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहार, व्यायाम आणि मद्य या नऊ गोष्टींतच पहिल्या हृदयविकाराच्या झटक्यांचे सुमारे नव्वद टक्के स्पष्टीकरण सापडले होते. घराण्यात काही नसलेल्यालाही त्या चुकत नाहीत.

एकाला विकार सापडला की त्याच्या नातेवाइकांना क्रमाने तपासत जायचे, ही पद्धत कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलसाठी वापरली जाते. साधारणपणे ती वरून खाली जाते: वडिलांना झटका येतो, मग मुलांचे रक्त तपासले जाते. ब्रिटनमध्ये १०,०९५ लहानग्यांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही दिशाच उलटी केली. साधारण एक ते दोन वर्षांची बाळे लसीकरणासाठी आली, की टाचेला सुई टोचून थेंबभर रक्त घेतले जाई आणि कोलेस्टेरॉल व जनुक तपासले जाई. दर हजार बाळांमागे चार बाळांत विकार सापडला, आणि त्यांच्या आई-वडिलांची तपासणी केल्यावर आणखी चार प्रौढांमध्ये. हे आई-बाप तरुण होते, त्यांना कसलाही त्रास नव्हता, आणि त्यांच्या पहिल्या झटक्याला अजून अवकाश होता.